कोकण रेल्वेला पावसाळी वेळापत्रक चालतं, मग कारवारच्या महामार्गाला का नको?

घाटवळण (खानापूर)
पावसाळा लागला की कोकण रेल्वे वेळापत्रक बदलते. गाड्या हळू धावतात, कापलेल्या डोंगरांपाशी गस्त वाढते. तशाच डोंगरांखालून पनवेल-कन्याकुमारी महामार्ग, आपला ६६ नंबर, जातो. तिथे गस्त कुठली? 'दरडप्रवण क्षेत्र' लिहिलेला पिवळा बोर्ड लावला की सरकार मोकळं.

१६ जुलै २०२४ ला अंकोला तालुक्यातल्या शिरूरला डोंगर खाली आला. रस्त्याकडेचं चहाचं हॉटेल, थांबलेल्या गाड्या, माणसं, सगळं त्याखाली गेलं. केरळच्या चालकाचा लाकडाचा ट्रक गंगावळी नदीतून बाहेर काढायला सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात, ७ ऑगस्टच्या मध्यरात्री, कारवार-सदाशिवगडमधला काळी नदीवरचा जुना पूल कोसळला.

माझं मत सरळ आहे. रेड अलर्ट असेल त्या रात्री कारवार ते कुमठा अवजड वाहतूक बंद ठेवा. गोव्यात उतरणाऱ्या चोर्ला आणि अनमोड घाटांनाही तोच नियम लावा. बंदीपूरच्या जंगलात २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते, तेही याच कर्नाटकात. जनावरांसाठी जमतं, मग माणसांसाठी का नाही?

भाजीगाडी (बेळगाव)
ओ दादा, घरात बसून बंद करा म्हणायला काय जातंय? गोव्याला भाजी आमच्याकडनं जाते. माल संध्याकाळी भरायचा, रात्री चोर्ला उतरायचा आणि उजाडायच्या आत म्हापशाच्या बाजारात लावायचा. कोथिंबीर काय रेड अलर्ट बघून थांबत नाही. ताडपत्रीखाली एक रात्र कोंडली की सकाळी जुडी सोडताना आतली पानं पिवळी आणि चिकट. गिऱ्हाईक हात लावत नाही. ते नुकसान कोण भरणार, तुम्ही?

अनमोडचा रस्ता वर्षानुवर्षं रखडवून ठेवलाय म्हणून सगळी गर्दी चोर्ल्यावर. आता तोबी बंद करा म्हणताय. आंबोलीनं जा म्हणाल तर तिथं काय ऊन पडलंय होय?

सदाशिवगडकर
एक साधी गोष्ट विसरताय. शिरूरची दरड सकाळी पडली, चहाच्या वेळेला. तुमची रात्रीची बंदी तिथे कुणालाच वाचवत नव्हती. आणि काळीचा पूल काही दरडीनं पडला नाही, म्हातारा होऊन पडला. वेळापत्रकाचा आणि त्याचा संबंध काय?

दुसरं, आमच्या जिल्ह्यातला पेशंट जरा गंभीर झाला की गोव्यातलं बांबोळी, मणिपाल, मंगळूर नाहीतर हुबळी. मोठ्या हॉस्पिटलसाठी इथल्या लोकांनी २०१९ मध्ये ट्विटरवर मोहीम केली होती. रस्ता हाच आमचा दवाखाना आहे. फाटक लागलं की आधी ट्रक अडतील, मग त्या रांगेमागे ॲम्ब्युलन्स अडेल. बंदीपूरचं उदाहरण देणाऱ्यानं तिथली रांग एकदा बघावी.

खडीमास्तर
रस्त्याच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

आपल्याकडे वर जांभा दगड असतो, खाली शेडी, म्हणजे मऊ चिकट माती. जांभा जाळीदार, पाणी आत घेतो. शेडी ते पाणी खाली सोडत नाही, स्वतःच भिजते आणि साबणासारखी निसरडी होते. असा डोंगर उभा कापला की पायाच काढून घेतल्यासारखं होतं. त्याला पायऱ्या पाडून मागे न्यायला हवा. पण पायऱ्यांना जागा लागते, जागेला भूसंपादन, वर जंगलखात्याची परवानगी. एका बाजूला समुद्र किंवा खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे चार पदर बसवायचे. मग उभाच कापतात.

खरी देखभाल रस्त्यावर नसते, डोंगराच्या डोक्यावर असते. वरून येणारं पाणी कापाच्या आधीच बाजूला वळवणारी चर पावसाआधी साफ केली, भिंतीतली पाणी जायची भोकं मोकळी ठेवली, तर निम्मं काम झालं. मी ती भोकं सिमेंटच्या गिलाव्यानं बुजवलेली पाहिली आहेत. भिंत कशी गुळगुळीत दिसायला हवी ना! उतारातून आधी स्वच्छ झिरपणारं पाणी अचानक गढूळ झालं तर समजावं की आत माती सुटली. हे बघायला माणूस लागतो, म्हणून गस्तीपुरता मी घाटवळण यांच्या बाजूनं. बंदीला मात्र विरोध.

माजाळीची
सगळे ट्रकवाले आणि इंजिनियर बोलतायत. रस्त्याला लागून राहणाऱ्यांचं काय? रस्ता उंच केला, आमची अंगणं खाली गेली. पूर्वी पाणी शेतातून खाडीत जायचं, आता मोरीच्या तोंडाशी तुंबून मागच्या दारी येतं. पहिल्या मोठ्या पावसात दिराला कुदळ घेऊन मोरी मोकळी करावी लागते. बाटल्या, माती, कापलेल्या झाडांच्या फांद्या. कंत्राटदाराला फोन केला तर म्हणतो, आमच्या हद्दीत येत नाही. टोल घेताना बरी हद्द कळते!

आणि डोंगराखाली टपऱ्या का लागतात, तेही विचारा. जमीन रस्त्यात गेली, उरल्या तुकड्यावर माणूस चहा विकणार नाही तर काय करणार? ट्रक थांबायला दुसरी जागा दिलीय कुठे?

घाटवळण (खानापूर)
@माजाळीची, हाच मुद्दा पटतो. कापाच्या पायथ्याशी थांबायला बंदी आणि ट्रकसाठी दुसरीकडे तळ, हे बारमाही हवं. @सदाशिवगडकर, शिरूर सकाळी झालं म्हणूनच गस्त चोवीस तास मागतोय. रात्रीची बंदी एवढ्यासाठी, की अंधारात गढूळ पाणी कुणाला दिसणार? ॲम्ब्युलन्स आणि एसटी बंदीतून सोडा, बंदीपूरलाही ॲम्ब्युलन्स सोडतात. @भाजीगाडी, नाशवंत माल पण सोडू.

भाजीगाडी (बेळगाव)
सोडू म्हणे! फाटकावरचा हवालदार 'नाशवंत' कशाला म्हणतो ते मला विचारा. गाडीत कांदा हाय का कोथिंबीर हे बघायला त्याला ताडपत्री उचलायची नसते, नोट बघायची असते.

सदाशिवगडकर
भाजीगाडीशी सहमत, आणि हे मी पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या बांगड्याच्या गाडीचंही तेच होणार.

खडीमास्तर
फाटकावरचे दोन हवालदार उचला आणि डोंगरावर चर साफ करायला पाठवा. वाद मिटला.

घाटवळण (खानापूर)
हवालदार चर साफ करेल? मास्तर, तुम्ही खात्यातून निवृत्त झालात हे पटत नाही.