‘शामक’ लिहू की नको?

पत्रकवाली: टॉन्सिल किंवा अक्कलदाढ काढलेल्या १३ ते १८ वयाच्या मुलांच्या पालकांसाठी पुण्यात वाटायचं पत्रक मराठीत करतेय. गोळी ओपिऑइड आहे, म्हणजे अफूसारखा असर करणारी. ‘ही वेदनाशामक गोळी शामकांसोबत देऊ नये’ असं लिहिलं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, लोक पित्तशामक समजतील. शिवाय ‘वेदनाशामका’तही शामक आहेच. सेडेटिव्हला काय लिहू?

शनिवारपेठी: गुंगीचं औषध. आणखी काय?

भूलवाले काका: गुंगीचं औषध म्हटलं की रेल्वेतलं बिस्कीट आठवतं. स्वतःच्या घरातल्या गोळीला कोणी तसं म्हणत नाही. ‘झोपेची गोळी’ही अपुरी. अल्प्राझोलाम घबराटीसाठी, क्लोनाझेपाम फिटसाठी, प्रोमेथाझिन उलटीसाठी, प्रेगाबालिन नसांच्या दुखण्यासाठी. यातलं काहीच पालकांच्या लेखी झोपेचं नाही. खोकल्याच्या काही औषधांत तर कोडीन हे ओपिऑइड आणि क्लोरफेनिरामिन हे सर्दीचं, पेंग आणणारं औषध एकाच बाटलीत असायचं; २०२३ मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली. वर्गाचं नाव काहीही ठेवा, खाली गोळ्यांची नावं द्या. दारूही लिहा, वय तेच आहे.

मायमराठी: मग ओपिऑइडलाही ‘अफूजन्य’ म्हणा की! आयता शब्द आहे.

औषधी_कारकून: मॉर्फिन, कोडीन अफूजन्य. ट्रॅमाडॉल कारखान्यात बनतं, त्याला ‘अफूसदृश’ म्हणावं लागेल. आणि ‘अफू’ वाचून आई गोळीच बंद करेल, पोर कण्हत बसेल. दुकानात ‘ट्रॅमाडॉल’च म्हणतात. ते शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे; चिठ्ठीशिवाय देता येत नाही, विक्रीचं रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं.

मायमराठी: अहिफेन! सापाचा फेस! आपलाच शब्द.

औषधी_कारकून: अरबी ‘अफ्यून’ला चढवलेला संस्कृत सदरा आहे तो. मूळ ग्रीक, अर्थ रस.

भूलवाले काका: ताई, एक महत्त्वाचं. टॉन्सिल काढल्यावर १८ च्या आतल्यांना कोडीन देऊ नये असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये बजावलं, ट्रॅमाडॉलचं २०१७ मध्ये. काहींच्या यकृतात कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं. टॉन्सिलच्या पत्रकात ही गोळी आलीच कशी, ते आधी डॉक्टरांना विचारा.

पत्रकवाली: विचारते. पण ‘रेस्पिरेटरी डिप्रेशन’ला कोशात ‘श्वसन-अवसाद’ आहे.

शनिवारपेठी: हे कोण वाचणार? ‘श्वास मंदावतो’.

भूलवाले काका: तेच बरोबर. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदू श्वासाला टोचणी लावतो. ओपिऑइडने ती टोचणी बोथट होते. बेंझोडायझेपिन (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांचा वर्ग) घशाचे स्नायू सैल करतं आणि जागही येऊ देत नाही. घोरणाऱ्या किंवा जाड मुलाचा घसा आधीच अरुंद. पेंग आणि ग्लानी मात्र वेगळ्या लिहा. पेंगणारा हाकेला उठतो. ग्लानीतला खांदा गदागदा हलवला तरी नीट उठत नाही. घरचे म्हणतात, ‘छान घोरतोय, झोपू दे’; ते घशातलं घरघरणं असतं. पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दहा-बाराच्या खाली, मध्येच थांबणारा, ओठ निळसर: १०८. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका.

शब्दवेडी: ‘झापड’ घ्या ना, गोड शब्द.

शनिवारपेठी: ‘मुलाला झापड आल्यास’? लोक गालाला हात लावतील.

पत्रकवाली: आणि अँटिडोट? प्रतिविष?

भूलवाले काका: उतारा. नालोक्झोन हा ओपिऑइडवरचा उतारा. बेंझोडायझेपिनवर चालत नाही. त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटं, मग श्वास परत मंदावू शकतो. म्हणजे शुद्धीवर आला तरी दवाखान्यातच.

मायमराठी: उतारा सातबाराचा असतो.

शब्दवेडी: नजर लागल्यावरही उतारा टाकतात, चौकात, लिंबासकट. तलाठ्याच्या कितीतरी आधीपासून.

मायमराठी: पुरावा द्या.