दुबई की मस्कत? भाच्याला मी मस्कत सांगितलं आणि घरात वाद झाला

खारेगावकर
माझा भाचा मेकॅनिकल इंजिनियर आहे. चार वर्षं महापेच्या एका कंपनीत एसीच्या साइट्स बघतोय. पंधरा दिवसांपूर्वी त्याला दोन ऑफर लेटर आली, दुबईहून महिना ९,००० दिरहम आणि मस्कतहून ७०० रियाल. एक रियाल म्हणजे साधारण साडेनऊ दिरहम, तेव्हा मस्कतचा पगार ६,७०० दिरहमच्या आसपास. घर दोन्हीकडे ज्याचं त्याने बघायचं. त्याची पोरगी तीन वर्षांची. मी म्हटलं, मस्कत घे. तेव्हापासून बहीण माझ्याशी धड बोलत नाही.

मी २००९ ते २०१८ मस्कतला होतो, वादी कबीरला राहायचो, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये. टू बीएचकेला २५० रियाल भाडं द्यायचो आणि वीस मिनिटांत ऑफिसला पोचायचो. मुलगी सीबीएसईच्या भारतीय शाळेत शिकली, ठाण्यात परतल्यावर सातवीत प्रवेशाला काही अडलं नाही. दरसाईतला कृष्णाचं मंदिर, जुन्या मस्कतमध्ये शंकराचं. जून ते सप्टेंबर सलालाला जा, धुक्यात डोंगर हिरवे होतात, आपल्या येऊरसारखे. त्या मोसमाला तिकडे 'खरीफ' म्हणतात. आपला खरीप तो हाच शब्द. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन आईला फोन केला होता.

कागदपत्रांचंही तसंच. ओमान अपोस्टिल मानतो, म्हणजे परराष्ट्र खात्याचा एक शिक्का पुरतो, वकिलातीत जावं लागत नाही. यूएईसाठी, म्हणजे दुबई-शारजा ज्यात येतात त्या देशासाठी, डिग्री आधी मंत्रालयात, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्यात आणि वर पुन्हा त्यांच्या वकिलातीत फिरवावी लागते. बायको-मुलीला घेऊन जाणाऱ्याने मस्कतच बघावं, हे माझं ठाम मत आहे.

नेरूळची अकाउंटंट
काका, पटलं नाही. तुम्ही नोकरी चालू असतानाचं सांगताय. व्हिसा कसला आहे ते नोकरी जाते त्या दिवशी कळतं.

मी २०१२ पासून दुबईत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद झालं. दुपारी साडेतीनला बोलावलं, चारला लॅपटॉप जमा. घरी येऊन मी आधी एमिरेट्स आयडीवरची, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावरची, तारीख बघितली, रडणं नंतर. पण त्या वेळी दोन गोष्टी हाताशी होत्या. एक म्हणजे नोकरी गेल्याचा विमा. १ जानेवारी २०२३ पासून तो तिथे सक्तीचा आहे. बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिना ५ दिरहम हप्ता. सलग बारा महिने भरला असेल आणि तुम्ही स्वतः राजीनामा दिला नसेल, तर बेसिकच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते. दुसरी म्हणजे नवऱ्याचा व्हिसा. मी त्याच्या व्हिसावर गेले, आणि तिथे नवऱ्याच्या व्हिसावर राहून वर्क परमिट काढता येतं. तिसऱ्या महिन्यात मला दुसरी नोकरी लागली. सासूबाई आजारी पडल्या म्हणून गेल्या वर्षी परत आलो, हाकलले म्हणून नाही.

ओमानमध्ये असा आधार आहे, पण तो त्यांच्या नागरिकांना. आपल्याला नाही.

ऐरोली सेक्टर ८
नेरूळच्या ताईंना माझा पाठिंबा, आणि कारण कडू आहे.

माझे मिस्टर २०१६ मध्ये मस्कतलाच होते. दुसऱ्या कंपनीकडून चांगली ऑफर आली. तेव्हा ओमानचा नियम असा होता की जुन्या कंपनीने एनओसी दिली नाही तर देश सोडायचा आणि दोन वर्षं यायचं नाही. त्यांच्या कंपनीने एनओसी नाकारली, कारणसुद्धा लिहिलं नाही. रात्रीच्या विमानाने चार बॅगा आणि मुलाचं मोडलेलं सायकलचं चाक घेऊन आम्ही ऐरोलीला आलो. चाक का आणलं, तर तो सोडायलाच तयार नव्हता. दोन वर्षं हे घरी बसून होते. काका, तुम्हाला तिथले डोंगर आठवतात, मला तो कागद आठवतो. माणूस कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, एका सहीवर लटकतो, अशा ठिकाणी मी माझ्या भाच्याला पाठवणार नाही.

खारेगावकर
ऐरोलीच्या ताई, तुमचं झालं ते वाईटच झालं. तेव्हा आमच्या ऑफिसमध्येही दोघांचं असंच झालं. पण तो नियम आता नाही. १ जानेवारी २०२१ पासून करार पूर्ण झाला की एनओसीशिवाय दुसरीकडे जाता येतं. २०१६ चा अनुभव आज जाणाऱ्याला लावू नका.

ऐरोली सेक्टर ८
"करार पूर्ण झाला की." म्हणजे मधल्या काळात पुन्हा तेच ना? यूएईत नोटीस देऊन सुटता येतं, तीस ते नव्वद दिवसांची. फरक आहे तो.

शारजाहून रोज जबल अली
मी सध्या तिथेच आहे. सुट्टीत कळव्याला आलोय म्हणून निवांत लिहितोय. दुबईचं कौतुक करणाऱ्यांनी ९,००० मध्ये तीन माणसांचं गणित एकदा कागदावर मांडावं.

दुबईतल्या कुसैसला वन बीएचके बघितलं. वर्षाचे ६२,००० दिरहम, चार चेकमध्ये. एजंटच्या टेबलावर बसून पुढच्या तारखांचे चेक लिहायला लागलो तेव्हा दुसऱ्या चेकला हात थांबला, कारण त्या तारखेला खात्यात तेवढे असतील की नाही ते माझं मलाच माहीत नव्हतं. चेक परत गेला की पूर्वी पोलीस केस व्हायची. २०२२ पासून ते बरंच सैल झालंय, तरी दावा लागतोच. शिवाय दुबईत वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के पालिकेचं शुल्क लाइट-पाण्याच्या बिलातून जातं. शेवटी शेजारच्या शारजात ४२,००० ला घेतलं. पहाटे पाच वीसला निघतो, तेव्हा सातला साइटवर असतो. पोरगं झोपलेलं असताना निघायचं, झोपायच्या बेतात असताना यायचं.

फॅमिली व्हिसाला ४,००० दिरहम पगार पुरतो. कागदावर भाचा आरामात बसतो. पण व्हिसा मिळणं वेगळं आणि संसार चालणं वेगळं. एक वर्ष एकटा राहा, बेडस्पेस घे, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने, मग बायकोला ने, असं मी सांगेन. एक गोष्ट मात्र दुबईच्या बाजूची: २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी. मस्कतला शुक्रवार-शनिवार. रविवारी कळव्याला सगळे जमलेले असतात आणि तुम्ही मीटिंगमध्ये. हे छोटं वाटतं, पण वर्षानुवर्षं टोचतं.

कोपरी गाव
कशाला दोन्ही? महापेलाच राहू दे. आई-वडील डोळ्यासमोर तरी राहतील.

नेरूळची अकाउंटंट
शारजाच्या दादा, भाड्याचं खरं आहे, पण पाच वर्षांनी भाचा ९,००० वर नसेल. १५,००० दिरहमच्या वर गेलेल्या कुशल माणसाला ग्रीन व्हिसा आहे, पाच वर्षांचा, स्वतःच्या नावावर, कंपनीच्या नाही. मुलगा असेल तर २५ वर्षांपर्यंत आई-वडिलांच्या व्हिसावर राहतो, अविवाहित मुलीला तर वयाची अटच नाही. वर चढायला पायऱ्या आहेत तिथे.

वागळे इस्टेट
खारेगावकर काका, एक सरळ प्रश्न, राग मानू नका. नऊ वर्षं इतकी सुखात गेली, तर २०१८ मध्ये परत का आलात? जानेवारी २०१८ मध्ये ओमानने ८७ प्रकारच्या कामांचे नवे व्हिसा थांबवले होते, त्यात इंजिनियरही होते. त्यामुळे आलात का?

खारेगावकर
राग नाही. हो, त्यामुळेच. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

आमचं प्रोजेक्ट संपलं. दुसऱ्या कंपनीने तोंडी हो म्हटलं होतं, पण माझ्या पदाचा नवा व्हिसा निघेना. बंदी सहा महिन्यांची म्हणाले, मग वाढली. मुलीची परीक्षा झाल्यावर आम्ही बताका, म्हणजे तिथलं रहिवासी कार्ड, जमा केला आणि निघालो. तेव्हा कंपनीवर चिडलो होतो, त्या देशावर नाही. आपल्या पोरांना आधी काम द्यावं असं कुठल्याही देशाला वाटणारच. यूएईतही आता ५० च्या वर माणसं असलेल्या कंपन्यांना कुशल पदांवर दर वर्षी २ टक्के स्थानिक वाढवावे लागतात. तिथेही हे येणार.

तरी नेरूळच्या ताईंचा मुद्दा मला आता टाळता येत नाही. नोकरी गेली त्या दिवशी माझ्या हातात काय होतं, तर ग्रॅच्युइटी. म्हणून काल भाच्याला दोन्ही लेटरमधला बेसिक विचारला. दुबईचा बेसिक ४,५०० दिरहमच आहे, बाकी सगळे भत्ते. मस्कतचा ५०० रियाल. यूएईत पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा बेसिक मिळतो, म्हणजे ३,१५०. ओमानच्या २०२३ च्या नव्या कायद्यात वर्षाला पूर्ण महिना, म्हणजे दिरहममध्ये ४,७०० च्या वर. आणि ताई, तुमचा तो विमासुद्धा ४,५०० च्याच ६० टक्के देणार, २,७०० दिरहम. त्यात कुसैसचं भाडं निघत नाही.

शारजाहून रोज जबल अली
हे बरोबर पकडलंत. भाच्याला सांगा, सही करायच्या आधी बेसिक वाढवून माग. एकूण ९,००० च ठेव म्हणावं, पण बेसिक ६,००० कर. आमच्याकडे दोघांनी मागितला आणि मिळाला. नंतर कोणी देत नाही.

वागळे इस्टेट
आणि ओमानमध्ये २०२८ पासून इन्कम टॅक्स येतोय ना?

खारेगावकर
५ टक्के, तोही वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या कमाईवर. भाच्याचे वर्षाचे ८,४००. त्याला लागत नाही.

रविवारी तो बायकोला घेऊन जेवायला येतोय, बहीणही येईन म्हणालीय. नेरूळच्या ताई, तुम्ही त्याच्याशी फोनवर बोलाल का? विशेषतः सूनबाईशी. ती बी.कॉम. आहे. नवऱ्याच्या व्हिसावर काम करता येतं, हे तिला मी सांगितलंच नव्हतं.

नेरूळची अकाउंटंट
बोलते की. रविवारी चारनंतर करा फोन. तिला डिग्री आणि लग्नाचा दाखला दोन्ही काढून ठेवायला सांगा, दाखला इंग्रजीत आहे का तेही बघू.