मदत हवी आहे: गालावरचे खड्डे आणि वांग, मायक्रोनीडलिंगसोबत पीआरपी करून घ्यावं का? (बेळगाव)

भाग्यनगरातली

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, वय ३८, प्राथमिक शाळेत शिकवते. कॉलेजच्या वयात पुटकुळ्या फार यायच्या, त्यांचे खड्डे दोन्ही गालांवर राहिलेत. धाकट्याच्या बाळंतपणानंतर गालाच्या हाडांवर वांग उठला, तो वेगळाच. घर, शाळा, सासूबाईंचं दुखणं यात इतकी वर्षं कधी लक्ष दिलं नाही. आता मार्गशीर्षात धाकट्या भाऊजींचं लग्न ठरलंय आणि गणपती झाल्यापासून घरात दुसरा विषय नाही.

जाऊबाईंनी बाजारातल्या एका पार्लरचं नाव सुचवलं. तिथं बाहेर ‘व्हॅम्पायर फेशियल’ असा बोर्ड आहे. आपल्याच हातातलं रक्त काढतात, यंत्रात फिरवतात, चेहऱ्याला बारीक सुया मारून (हेच मायक्रोनीडलिंग) वर ते पाणी लावतात. ते पाणी म्हणजे पीआरपी, आपल्याच रक्तातला प्लेटलेट जास्त असलेला भाग. बाई म्हणाल्या, “तुमचंच रक्त, त्यामुळं साइड इफेक्ट शून्य. दोन बैठका लग्नाआधी सहज बसतात.” आधी कसली रक्ततपासणी नाही, काही विचारणं नाही. जाऊबाईंचं एकच, “कशाला गे एवढं घाबरूलीस? सगळ्या करूलेत की!”

माझं मन मानेना म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. ते म्हणाले, आधी सनस्क्रीन आणि औषधानं वांग आटोक्यात येऊ दे, मग खड्ड्यांचं बघू. सुयांच्या बैठका महिन्या-महिन्याच्या अंतरानं तीन-चार लागतील, पीआरपी हवं असलं तर घ्या, नसलं तरी चालेल. एका बैठकीचा खर्च पार्लरच्या दुपटीहून जास्त. बाहेर पेशंटची रांग होती, ते घाईत होते, मला नीट विचारता आलं नाही. हातात दिलेलं संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत. कन्नड मी बोलते, पण तेवढं बारीक अक्षर वाचून समजून सही करायची म्हणजे घरी आणूनच वाचावं लागणार. ते आणलंय.

तर मला कळत नाही ते हे. पीआरपी ‘नसलं तरी चालेल’ असेल तर लोक त्याला एवढे पैसे का देतात? वांगावर सुया मारल्या तर तो वाढतो का? आणि श्रावणात मला डेंग्यू झाला होता, प्लेटलेट बऱ्याच खाली गेल्या होत्या. मग माझ्या रक्तातून त्यांना काय मिळणार?

मला हे करायचं आहे, हे आधीच सांगते. ‘या वयात कशाला’ असं कृपा करून लिहू नका. फोटो काढताना तोंड वळवायचा आता खरंच कंटाळा आलाय. फक्त पैसे आणि चेहरा दोन्ही पणाला लावण्याआधी समजून घ्यायचं आहे.

तिसरं रेल्वे गेट

ताई, पार्लर नको म्हणजे नको. माझ्या मामेबहिणीनं असंच एका ठिकाणी केलं (बेळगावात नव्हे, नाव घेत नाही). आठवड्याभरात गालावर पू झालेल्या पुळ्या आल्या आणि नंतर सुया ओढल्याच्या रेघा काळ्या पडल्या. त्या जायला वर्ष गेलं. बाकीचं जाणकार सांगतीलच.

लॅबवाला

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, त्यामुळे रक्ताच्या बाजूचं सांगतो. चेहऱ्याचं डॉक्टरांनी सांगावं.

साधारण १० ते २० मिली रक्त काढतात, सायट्रेट किंवा एसीडी घातलेल्या नळीत, म्हणजे ते गोठत नाही. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि दोन्हींच्या मध्ये, तापल्या दुधावर साय धरावी तसा, एक पातळ फिकट थर येतो. प्लेटलेट त्या थराच्या आसपास जास्त असतात. बरेच जण प्लाझ्मा काढून दुसऱ्यांदा फिरवतात, वरचा विरळ भाग टाकून देतात आणि तळातला घट्ट भाग वापरतात. २० मिलीतून हाती लागतो दोन-चार मिली.

निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. पीआरपीत त्या निदान तीन ते पाच पट व्हाव्यात अशी अपेक्षा असते. या प्लेटलेटच्या आत वाढीला चालना देणारी प्रथिनं साठवलेली असतात. जखमेवर ती सुटतात आणि दुरुस्तीचं काम सुरू होतं. कल्पना एवढीच आहे. पण किती वेगानं फिरवलं, किती मिनिटं, कुठला थर उचलला यावर सगळं अवलंबून असतं. नुसता पिवळा प्लाझ्मा काढून ‘पीआरपी’ म्हणून लावला तर बघणाऱ्याला फरक कळत नाही, दोन्ही पिवळंच दिसतं. म्हणून ‘तुम्ही एकदा फिरवता की दोनदा, आणि संख्या कधी मोजून बघता का’ हे बिनधास्त विचारा.

डेंग्यूचं म्हणाल तर ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांत प्लेटलेट बहुतेकांच्या पूर्ववत होतात. पण अंदाजावर जाऊ नका, बैठकीच्या आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. साधी तपासणी आहे आणि हिमोग्लोबिनही त्यातच कळतं.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रक्त काढल्या काढल्या नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहिलं गेलं पाहिजे. त्याच वेळी दुसऱ्या पेशंटचं रक्त यंत्रात असेल तर हे दहापट महत्त्वाचं. ‘स्वतःचं रक्त’ हे तेव्हाच खरं, जेव्हा नळी तुमचीच असते. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका विनापरवाना स्पामध्ये हाच प्रकार करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं २०१८ मध्ये उघडकीला यायला लागलं. २०२४ मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं त्यावर अहवाल दिला. तपासणाऱ्यांना तिथं स्वयंपाकघराच्या ओट्यावर नावाशिवायच्या रक्ताच्या नळ्या मिळाल्या होत्या. घाबरवायला सांगत नाही, काय बघायचं ते कळावं म्हणून सांगतोय.

भाग्यनगरातली

दादा, खूप आभार. पार्लरचा विषय मी इथंच बंद केला. जाऊबाईंना हे वाचून दाखवते.

त्वचारोग पीजी

ताई, मी त्वचारोगात एमडी करतोय. तुम्हाला न बघता सल्ला देणं बरोबर नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी घाईत जे सांगितलं त्यामागचं कारण उलगडून सांगतो.

खड्ड्यांवर काम प्रामुख्यानं सुयाच करतात. दीड-दोन मिलिमीटर खोल असंख्य बारीक छिद्रं पडली की त्वचा जखम भरायला लागते आणि त्या ओघात नवीन कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, बनतं. पीआरपी त्याला जोड आहे. चेहऱ्याच्या एका बाजूला नुसत्या सुया आणि दुसऱ्या बाजूला सुया अधिक पीआरपी असे तुलनेचे अभ्यास बरेच झालेत. काहींत पीआरपीच्या बाजूला थोडा जास्त फायदा दिसला, काहींत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. लॅबवाल्या दादांनी सांगितलं तसं प्रत्येक ठिकाणचं पीआरपी वेगळं, त्यामुळे निकालही वेगळे. म्हणून ‘नसलं तरी चालेल’ असं सांगणारा डॉक्टर तुमच्याशी प्रामाणिक आहे असं मी म्हणेन. पैसे मोजके असतील तर पीआरपी असलेल्या दोन बैठकांपेक्षा साध्या सुयांच्या पूर्ण बैठका मी पसंत करेन. नुसता ‘तजेला’ हवा म्हणून पीआरपी करायचं असेल तर त्यासाठीचा पुरावा खड्ड्यांपेक्षाही तोकडा आहे.

खड्डे कसले आहेत यावर पुष्कळ अवलंबून असतं. आरशासमोर उजेडात गाल दोन बोटांनी हलका ताणा. ताणल्यावर जे सपाट होतात ते पसरट, त्यांना सुया चांगल्या लागू पडतात, कधी आधी खालचे तंतू सुईनं सोडवावे लागतात. सुईनं टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतील तर त्यांना मायक्रोनीडलिंग फारसं उपयोगी नाही, त्यांच्यासाठी टीसीए नावाचं आम्ल थेंबाथेंबानं लावायची वेगळी पद्धत आहे. बहुतेकांच्या गालावर दोन्ही प्रकार मिसळलेले असतात.

वांगाबद्दल तुमची शंका अगदी योग्य आहे. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला कुठलीही इजा झाली की ती काळा डाग मागे ठेवते. वांग पेटलेला असताना आणि रोज ऊन लागत असताना जोरात सुया मारल्या तर तो गडद होण्याची भीती असते. म्हणून आधी तो शांत करायचा. त्यात औषधाइतकंच सनस्क्रीनला महत्त्व आहे, दोन-तीन तासांनी पुन्हा लावलेलं. शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला उभ्या राहता ना, तेही ऊन धरा.

लग्नाचं गणित मात्र सोडून द्या. कोलॅजन महिनोन् महिने घडत राहतं, शेवटच्या बैठकीनंतर तीन महिन्यांनी खरा फरक मोजायचा असतो. मार्गशीर्षापर्यंत घाईनं दोन बैठका उरकल्या तर हाती येईल ती लाली आणि कदाचित डाग. लग्नाला वांग उतरलेला चेहरा मिळाला तरी खूप झालं. खड्ड्यांचं नंतर सुरू करा.

आता मला तुमच्याकडून काही माहिती हवी. कुठली वेदनाशामक गोळी रोज घेता का? आधीच्या कुठल्या जखमेचा व्रण फुगून वाढलाय का, कान टोचलेला, ऑपरेशनचा, लसीचा? ओठांवर ताप फुटतो का? आणि सध्या चेहऱ्याला काय लावता, अगदी घरगुती असलं तरी सांगा.

निपाणीहून

मी कोल्हापुरात करून घेतलं, आम्हाला ते चाळीसेक किलोमीटर, बेळगावपेक्षा जवळ. पीआरपीसकट. खड्डे गेले नाहीत, उथळ झाले. तिरक्या उजेडात अजून दिसतात, समोरून नाही. मी समाधानी आहे, पण ‘गुळगुळीत’ची आशा धरून जाऊ नका. भूल देणारं क्रीम तासभर ठेवतात, तरी कपाळावर आणि ओठांच्या वर झोंबतंच. दोन-तीन दिवस चेहरा उन्हात करपल्यासारखा लाल, त्यामुळे शनिवारची वेळ घ्या म्हणजे रविवार हाताशी असतो. सुयांचं कार्ट्रिज तुमच्यासमोर पाकीट फाडून उघडायला सांगा आणि झाल्यावर टाकलेलं बघा.

खानापूर रोड

मध्येच विचारतो, ऑनलाइन मिळणारा रोलर घरी वापरला तर? बायको मागे लागलीय.

त्वचारोग पीजी

नको. घरी मिळणाऱ्या पाव मिलिमीटरच्या सुया खड्ड्यांच्या तळापर्यंत पोचत नाहीत, आणि दीड मिलिमीटरच्या सुया घरी निर्जंतुक ठेवणं जमत नाही. वहिनींना एकदा तज्ज्ञांना दाखवा. बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सिव्हिल हॉस्पिटलात त्वचारोगाची ओपीडी आहे, तिथं खर्चाचं ओझं नाही.

भाग्यनगरातली

उत्तरं देते. कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक आठवड्यातून दोन-तीनदा तरी घेते. ओठांवर ताप फुटत नाही. उजव्या कानाला वरच्या बाजूला दुसरं टोचलं होतं, तिथं वाटाण्याएवढी गाठ झाली ती तशीच आहे, कधी खाजते. चेहऱ्याला औषधाच्या दुकानातून आणलेलं एक क्रीम लावते. वांगासाठी म्हणून शेजारच्या काकूंनी सुचवलं होतं. लावलं की उजळतं, बंद केलं की आग होते आणि पुन्हा काळं. हे क्रीम डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं, त्यांनीही विचारलं नाही.

त्वचारोग पीजी

बरं झालं लिहिलंत. यातल्या तीन गोष्टींनी सगळा बेत बदलू शकतो.

डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या प्लेटलेटचं काम मंदावतात. पीआरपीच्या आधी आठवडाभर आणि नंतरही त्या टाळायला सांगतात. कंबरेसाठी पर्याय डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका.

कानावरची गाठ केलॉइड, म्हणजे फुगून वाढलेला व्रण, असू शकते. कान, छाती, खांदे या जागी ते जास्त होतात, गालावर कमी. पण ज्याच्या त्वचेत ती प्रवृत्ती आहे त्याला हजारो छिद्रं पाडायची की नाही, हा निर्णय गाठ डोळ्यांनी बघून, हातानं चाचपूनच घ्यायचा असतो. काही डॉक्टर सरळ नाही म्हणतील, काही जबड्याजवळ छोट्या जागेवर करून काही महिने वाट बघतील. दोन्ही भूमिका समजण्यासारख्या आहेत.

क्रीमची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. लावलं की उजळ आणि सोडलं की आग, हे स्टिरॉइड असलेल्या क्रीमचं लक्षण असतं. ‘सोन’, ‘सोल’ असे शेवट असलेली नावं, मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, ट्यूबवर दिसतात का बघा. चिठ्ठीशिवाय ही विकायला नकोत, तरी सर्रास विकली जातात. महिनोन् महिने लावल्यानं त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या परत येतात. अशा त्वचेवर आत्ता सुया लावू नयेत. आणि एकदम बंदही करू नका, आग वाढेल. हळूहळू उतरवायचं वेळापत्रक तुमचे डॉक्टर देतील.

भाग्यनगरातली

ट्यूब बघितली. मोमेटासोन आहे, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन.

काकूंना आत्ताच फोन केला, त्यांची मुलगीपण तेच लावते. सोमवारी शाळा सुटल्यावर पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जाते. दवाखान्याचं केपीएमई, म्हणजे खासगी दवाखान्याच्या नोंदणीचं, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं मी बघितलं होतं. दादा, त्यावरून खात्री धरावी का?

लॅबवाला

२००७ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या प्रत्येक खासगी दवाखान्याला ती नोंदणी लागते, त्यामुळे दवाखाना अधिकृत आहे एवढं कळतं. डॉक्टरांची पदवी वेगळी बघा, एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा, त्वचारोगातलाच. तुमचे डॉक्टर ‘आधी वांग’ म्हणाले, तिथंच मला बरं वाटलं.

त्वचारोग पीजी

सोमवारी जाताना क्रीमची ट्यूब, कंबरेच्या गोळ्यांचं पाकीट आणि डेंग्यूच्या वेळचे रिपोर्ट पिशवीत घ्या. कान आपणहून दाखवा, ते विचारेपर्यंत थांबू नका. संमतीपत्रातलं जे कळलं नाही त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून न्या आणि मराठीत सांगा म्हणा, सांगतील. रांग असली तरी पूर्ण विचारूनच उठा.