रोज जवळ काय काय ठेवता? (कसबा बावडा ते गोकुळ शिरगाव, मोपेडवरून)

बावड्याची_लेक

नमस्कार. मी २४ वर्षांची, कसबा बावड्यात राहते. जूनपासून गोकुळ शिरगाव एमआयडीसीत क्वालिटीला लागले आहे. येणं-जाणं मोपेडवरून. दुसरी पाळी असली की सुटायला रात्रीचे साडेअकरा होतात.

गेल्या मंगळवारी परत येताना उजळाईवाडीच्या पुलाच्या अलीकडं गाडी बंद पडली. पाऊस लागून होता. मोबाईलला तीन टक्के. सगळे पैसे फोनवरूनच देते, त्यामुळं पर्समध्ये एक नोट नव्हती. ढकलत एका टपरीपर्यंत नेली. टपरीवाल्या मामांनी सीट उचलून बघितलं, तर बॅटरीची वायर सुटलेली. नट हातानं आवळत नव्हता आणि पाना त्यांच्याकडं नव्हता, माझ्याकडं तर नव्हताच. शेवटी एक ट्रकवाले दादा थांबले, त्यांनी दोन मिनिटांत आवळून दिला. त्यांना चहाचे पैसे द्यावेत म्हटलं तर तोवर फोन बंद. दोन मिनिटांच्या कामासाठी पाऊण तास पावसात उभी होते. घरी आले तर आई दारातच होती, आणि तिचा चेहरा बघून मलाच रडू आलं.

त्या दिवसापासून ठरवलंय, काही गोष्टी रोज जवळ ठेवायच्याच. व्हिडिओ बघितले, पण त्यातली माणसं जंगलात राहायला निघाल्यासारखी वाटतात. माझ्या सॅकमध्ये डबा, पाण्याची बाटली, रेनकोट आणि कंपनीचे बूट असतात, म्हणजे जागा थोडीच. तुम्ही स्वतः रोज काय बाळगता आणि त्याचा खरंच उपयोग झाला का, एवढं सांगा.

सायबर_चौक

मी विद्यापीठात एम.एस्सी.ला आहे. माझं मत असं की जास्त काही घेऊच नये. किल्लीच्या जुडग्याला छोटा टॉर्च, मोबाईलच्या कव्हरमध्ये दुमडून ठेवलेली १०० ची नोट, बस. पहिल्या वर्षी मी पण सॅकमध्ये सगळं भरून हिंडायचो. महिन्याभरात पाठ दुखायला लागली आणि मग सॅकच घरी राहायला लागली. ओझं झालं की माणूस ते घेणंच सोडतो. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये ठेवा, पोलिसांना ते चालतं. मात्र त्यासाठी फोन चालू पाहिजे, हे तुमच्या मंगळवारवरून माझ्याही ध्यानात आलं.

उद्यमनगरचा_फिटर

पोरी, तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करतो. राग मानू नको.

मी ३४ वर्षं शिवाजी उद्यमनगरात फिटर आहे. माझ्या कमरेला एक पाऊच असतो. जाड ड्रिलच्या कापडाचा, पापाच्या तिकटीजवळच्या एका शिंप्याकडनं शिवून घेतलेला. त्यात काय आहे ते सांगतोच, पण त्याच्या आधी एक गोष्ट सांगतो, कारण माझ्या मते तीच खरी आहे.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी धोक्याच्या कितीतरी वर गेलं. माझी थोरली बहीण शाहूपुरीत कुंभार गल्लीत राहते. रात्री तिला आणि तिच्या सासूला बाहेर काढायला मी आणि भाचा गेलो. लाईट गेलेली, मांडीएवढं पाणी. म्हातारीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या माडीवर राहिलेल्या. माझ्या पिशवीत टॉर्च होता. होता, पण कुठं? वर पाना, त्यावर वेस्टचा, म्हणजे हात पुसायच्या सुताच्या चिंध्यांचा गोळा, त्यात रुमाल अडकलेला. एका हातानं म्हातारीला धरलेलं, दुसऱ्या हातानं पिशवी चाचपतोय आणि टॉर्च काय लागेना. भाचा अंधारातच जिना चढला आणि घसरला. हाताला सहा टाके पडले. टॉर्च सगळा वेळ माझ्याजवळच होता.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. जी वस्तू अंधारात, एका हातानं, न बघता सापडत नाही ती माझ्याजवळ नाही असंच मी धरतो. म्हणून पाऊचला कप्पे शिवून घेतले. डावीकडं पुढं टॉर्च, दुसरं काही त्या कप्प्यात कधीच जात नाही. विद्यापीठवाल्या भावाचं ओझ्याचं म्हणणं मला पटतं. दहा वस्तू गोळा करण्यापेक्षा चारच घे, पण त्यांची जागा कायमची ठरव.

आता पान्याचं. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या गाड्या आल्या. त्यातल्या बहुतेक मोपेडना कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शननं जातं आणि त्याचा पंप बॅटरीच्या करंटवर चालतो. म्हणून बॅटरीची वायर ढिली झाली की गाडी जागेवर बंद. जुन्या गाड्या किकवर निघायच्या, या निघतीलच असं नाही. तेव्हा उद्या उजेडात सीट उचल, टर्मिनलचा नट कितीचा आहे ते बघ आणि तेवढा एकच पाना घे. बहुतेक १० चा लागेल, पण आपल्या गाडीला लावून बघितल्याशिवाय घेऊ नको. नव्या मुठीएवढ्या टूलकिटात बारा तुकडे असतात, त्यातले अकरा तुझ्या गाडीला बसत नाहीत. आणि एकदा स्वतःच्या हातानं नट सोडून परत आवळ. आधी हाताला सवय पाहिजे, रात्री पावसात शिकायचं नसतं.

दुसरी वस्तू फुकटची आहे. पंक्चरवाल्याकडनं सायकलची टाकाऊ ट्यूब माग आणि कात्रीनं बोटभर रुंदीच्या चकत्या काप. हे रबरबँड वर्षानुवर्षं तुटत नाहीत. लोंबणारं मडगार्ड बांध, डब्याचं झाकण आवळ, सायलेन्सरपासून लांब कुठलीही वायर धर. मी महिन्यातनं तीन-चार तरी कुणाला तरी देतो. पाऊचमधली सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू हीच.

इन्सुलेशन टेपचा अख्खा रोल घेऊ नको. जुन्या एटीएम कार्डावर हातभर गुंडाळून ठेव, चपटा बसतो. लिहायला शिसपेन्सिलीचा तुकडा. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही, पेन्सिल चालते. मोबाईलला दुधाची रिकामी पिशवी, धुऊन वाळवून. पैशाचं म्हणशील तर १०, २०, ५० च्या मिळून दोनशे आणि एक पाचशेची, दुसऱ्या तशाच पिशवीत. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, शहराचं पाणी बंद, पेट्रोलला रांगा. टॉवर गेला की फोनमधले पैसे फोनमध्येच राहतात. त्या आठवड्यात ज्याच्याजवळ सुटे होते त्याला दूध मिळालं.

आणि एक कागद. घरच्यांचे चार नंबर त्यावर लिही. मला त्या रात्री बायकोचा नंबर सुद्धा तोंडपाठ नव्हता.

टॉर्च शेल घालायचा घेतलास तर शेलच्या टोकाला प्लॅस्टिकचा तुकडा लाव, म्हणजे सॅकमध्ये दाबून आपोआप पेटत नाही. शेल पाझरतात आणि हिरवं चढतं, ते बघावं लागतं. माझ्या दुकानात अमावस्येला मशीनची पूजा असते. नारळ फोडायच्या आधी मी पाऊच सगळा रिकामा करतो, शेल बघतो, पान्याला तेलाचं बोट लावतो. खंडेनवमीला हत्यारांच्या ओळीत तो पाऊच पण मांडतो. त्यानं काम केलेलं आहे, त्याचा मान आहे.

बावड्याची_लेक

काका, राग कसला, वाचताना माझे वडील बोलतायत असं वाटलं. भाच्याचा हात आता बरा आहे ना? पॉवर बँकबद्दल पण सांगा. १०००० एमएएचचा घेतला तर फोन दोनदा चार्ज होतो म्हणतात. माझ्या फोनची बॅटरी ५००० ची आहे.

उद्यमनगरचा_फिटर

भाचा ठणठणीत आहे, आता इचलकरंजीला लूमवर आहे.

दोनदा होत नाही. १०००० हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टचा. बाहेर ५ व्होल्ट देताना आकडा कमी होतो आणि थोडं उष्णतेत जातं. हातात साधारण ६००० येतं. खोक्यावर बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी लिहिलेली असते, ती वाच. तुझा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा, तेवढं तुला पुष्कळ आहे. ५००० चा घेतलास तर अर्ध्याहून थोडा जास्त भरेल, वजन मात्र निम्मं. रात्री घरी पोचायला तेवढाही पुरतो. डिकीत कायमचा ठेवू नको, उन्हात डिकी तापते आणि लिथियमला ते सोसत नाही. दर रविवारी चार्जिंगला लाव.

निवृत्त_सिस्टर

मी सरकारी रुग्णालयात अपघात विभागात बरीच वर्षं काढली. सगळ्यांचं वाचून राहवलं नाही. गाडीचा पाना महत्त्वाचा आहेच, पण बाळा, गाडीवर बसणाऱ्या माणसासाठी पण दोन वस्तू ठेव.

चार इंची क्रेप बँडेज एक आणि निर्जंतुक गॉजची दोन पाकिटं. रक्त येत असेल तर जखमेवर गॉज ठेवून तळहातानं घट्ट दाबायचं आणि दहा मिनिटं दाबूनच ठेवायचं. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघतात, तिथंच चुकतं. धरत आलेली गुठळी निघते आणि परत वाहायला लागतं. गॉज भिजला तर काढू नका, त्यावरच दुसरा ठेवा. मग क्रेपनं बांधा. हळद, कॉफी, तंबाखू काही भरू नका. आमच्याकडं माणूस यायचा तेव्हा ते धुऊन काढतानाच त्याला जास्त त्रास व्हायचा, आणि ते मला बघवायचं नाही.

ओआरएसचं पाकीट उन्हाळ्यात जरूर ठेवा, पण मागं किती पाण्याचं ते वाचून. एक लिटरचं मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळून पाजलेलं मी पाहिलंय, ते फार खारट होतं आणि लहान मुलांना अपाय करतं. २०० मिलीची छोटी पाकिटं मिळतात, ती रोजच्या पिशवीला बरी. गोळ्या मात्र डिकीत नको, त्या उन्हानं खराब होतात.

फिटर दादांच्या कागदावर नंबरांच्या खाली रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी आणि रोजची गोळी लिही. तेच मोबाईलच्या आणीबाणीच्या माहितीतही भर. फोन लॉक असला तरी ती उघडता येते. बेशुद्ध माणूस आणला आणि नाव-गाव काही कळेना, अशा रात्री मी कितीतरी बघितल्यात. त्यातली एक तुझ्याच वयाची होती. तिच्या ओळखपत्राच्या मागं रक्तगट लिहिलेला होता आणि वडिलांचा नंबरही. आम्ही दहा मिनिटांत त्यांना फोन लावला.

वाटेत अपघात दिसला तर घाबरून पुढं जाऊ नका. १०८ ला फोन करा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्याला आपलं नाव सांगण्याची सक्ती नाही, आणि मनापासून मदत करताना काही राहून गेलं तरी त्याच्यावर खटला होत नाही. हे माझ्या नोकरीच्या सुरुवातीला असतं तर पुष्कळ माणसं वेळेत आली असती.

सायबर_चौक

सिस्टर, आणीबाणीची माहिती आत्ताच भरली. फिटर काका, ट्यूबच्या चकत्यांचं सांगितलंत ते होस्टेलवर सगळ्यांना दाखवलं. आमच्या पंक्चरवाल्यानं चार ट्यूब तशाच देऊन टाकल्या.

बावड्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. केलं ते सांगते.

सीट उचलून बघितली, नट १० चाच निघाला. दादाकडनं पाना घेतला आणि अंगणात तीन वेळा सोडून आवळला. तिसऱ्या वेळी आईनं पण केला, तिला जमला. पैसे दुधाच्या पिशवीत, कागद ओळखपत्राच्या मागं. क्रेप बँडेज आणि गॉज बुटांच्या कप्प्यात बसलं. पॉवर बँक ५००० चा घेतला.

काल रात्री घरातले दिवे घालवून आईला वेळ मोजायला लावली. टॉर्च चार सेकंदांत हाताला लागला. पाना काही सापडेना, तो डब्याच्या खाली सरकला होता. आज सकाळी सॅकला बाहेरून एक उभा कप्पा शिवायला टाकलाय, गुरुवारी मिळेल. तोपर्यंत पाना रेनकोटच्या उजव्या खिशात आहे.