मदत हवी आहे: मॉडेल विमानाच्या 1.5 सीसी डिझेल इंजिनचा काँट्रा-पिस्टन अडकतोय

कंट्रोल-लाइन (तारांनी धरून गोल उडवायच्या) मॉडेलवरचं जुनं 1.5 सीसी डिझेल इंजिन, 8×4 पंखा (इंचांत व्यास×पिच). थंड असताना दोन-तीन टिचक्यांत सुरू होतं. तापलं की आवाज जड होतो, धडधडतं आणि एक्झॉस्टमधून काळपट तेल उडतं. कॉम्प्रेशन स्क्रू अर्धा फेरा सैल केला तरी फरक नाही. स्क्रू नुसता मोकळा फिरतो, काँट्रा-पिस्टन (सिलिंडरच्या वरच्या टोकाचा, या स्क्रूने दाबून कॉम्प्रेशन ठरवणारा छोटा पिस्टन) वर सरकतच नाही.

इंधन ताजं: ईथर, रॉकेल, एरंडेल समभाग, वर 2% अमाइल नायट्रेट. नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुई) दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली. हेड काढून रात्रभर थिनरमध्ये बुडवलं, हेअर ड्रायरने तापवलं. क्रँक, कनेक्टिंग रॉड ठीक आहेत.

लेथ नाही, सुटे भागही मिळत नाहीत, त्यामुळे लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) ओरखडा परवडणार नाही. आधी ओव्हनमध्ये लायनर तापवून काँट्रा-पिस्टन खालून लाकडी दांड्याने ठोकावा, की थेट लॅपिंग (बारीक पेस्टने घासून बसवणं) करावं? लॅपिंगला कोणती पेस्ट?