आता या वयात कुणाला विचारू? न विचारलेल्या साध्या प्रश्नांचे अनुभव

प्रश्न विचारायचंही एक वय असतं बहुतेक. चंद्र आपल्याबरोबर का चालतो असं पाच वर्षांच्या पोराने विचारलं की सगळे कौतुक करतात, तेच चाळिशीत विचारून बघा. त्यामुळे आपण गप्प बसतो, आणि हळूहळू डोक्यात एक पेटी भरत जाते. अगदी किरकोळ प्रश्न, रोज समोर दिसणाऱ्या गोष्टींचे, नेटवर शोधले तर मिनिटात उत्तर मिळेल असे, पण तेवढंही होत नाही कारण तोवर हात पुसून दुसरं काम सुरू झालेलं असतं.

तर तुमच्या पेटीतलं काढा बाहेर. उत्तर मिळालं असेल तर ते लिहा, आणि इतकी वर्षं विचारलं का नाही तेही लिहा, मला खरा रस त्यात आहे.

माझ्यापासून सुरू करते. पाण्यात खूप वेळ हात राहिले की बोटं सुरकुततात, ती का? कातडी पाणी शोषून फुगते हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले आणि मनात यायचं की मग कोपराची कातडी का नाही फुगत अशी, पण हे कुणाला विचारणार. परवा वाचलं की ज्यांच्या बोटाची नस तुटलेली असते त्यांचं ते बोट पाण्यात सुरकुततच नाही, आणि हे डॉक्टरांनी १९३० च्या दशकातच लिहून ठेवलंय! म्हणजे नुसतं भिजणं नाही, नसांकडून निरोप जातो, बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतला भाग जरा कमी होतो आणि वरची कातडी मुडपते. ओल्या वस्तू पकडायला सोपं जावं म्हणून असेल असा अंदाज आहे. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात लोकांना ओल्या गोट्या उचलायला लावल्या, तर सुरकुतलेल्या बोटांनी काम लवकर झालं. नंतर दुसऱ्यांनी तसंच करून बघितलं तर फरक दिसला नाही. म्हणजे "कसं" कळलंय, "कशासाठी" यावर अजून वाद आहे.

* * *

बीपीचे दोन आकडे. आमच्या घरात बाबांचं बीपी म्हणजे रोजचा विषय, मशीन आहे, वही आहे, वहीत तारीखवार नोंदी आहेत, आणि १२० वर ८० यातलं वरचं काय आणि खालचं काय हे घरात एकालाही माहीत नव्हतं. वरचा वाढला की काळजी करायची, खालच्याकडे कुणी बघायचंच नाही. डॉक्टरांना विचारायचं तर ते बोलता बोलता पुढच्या पेशंटचा कागद हातात घेतात, बाबा मान डोलावतात, मी पण डोलावतो, आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारतो काय म्हणाले रे.

शेवटी एका नर्सबाईंनी न विचारता सांगितलं, कारण त्यांना आमच्या तोंडावरूनच कळलं असावं. हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब वरचा, दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं तेव्हाचा खालचा. आणि आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात, जुन्या मशीनमध्ये पारा तेवढा वर चढायचा म्हणून. दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवतात, मग हवा हळूहळू सोडतात आणि स्टेथोस्कोपने ऐकतात. ठक ठक आवाज सुरू झाला तो वरचा आकडा, बंद झाला तो खालचा. कोरोत्कोव नावाच्या रशियन डॉक्टरने १९०५ मध्ये ही पद्धत सांगितली आणि अजून तीच चालू आहे. मला तर तोवर वाटत होतं ते हवा भरतात तेव्हा काहीतरी मोजतात.

त्या बाईंनी अजून एक सांगितलं ते जास्त उपयोगाचं. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या उंचीला टेकवलेला, आणि बोलायचं नाही. आमचे बाबा पट्टा बांधून फोनवर बोलायचे.

* * *

वरच्यांना पूर्ण अनुमोदन. मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते, त्यामुळे न विचारलेले प्रश्न मला रोज दिसतात. माणूस पैसे देतो, पिशवी घेतो, दोन पावलं जातो, थांबतो, आणि मग मागे गर्दी बघून निघून जातो. तो काय विचारणार होता ते मला आता पाठ झालंय.

एक नंबर प्रश्न, गोळी अर्धी केली तर चालते का. गोळीवर मधोमध रेघ असेल तर ती बहुतेक वेळा मोडण्यासाठीच दिलेली असते. रेघ नसेल तर विचारल्याशिवाय मोडू नका. काही गोळ्यांवर असं आवरण असतं की ती पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावी, काही दिवसभर थोडं थोडं औषध सोडणाऱ्या असतात. अशी गोळी मोडली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जाऊ शकतं. कॅप्सूल उघडून पावडर घेणारे पण असतात, त्यांनाही तेच.

दुसरा प्रश्न, दिवसातून तीनदा म्हणजे जेवणाच्या वेळी की दर आठ तासांनी? ते औषधावर आहे, म्हणून तर विचारायचं! आणि तिसरा प्रश्न जो कुणीच विचारत नाही आणि ज्याचं उत्तर सगळ्यांना हवं असतं, एक डोस विसरला तर पुढच्या वेळी दोन घ्यायचे का. सहसा नाही. पण तुमच्या औषधासाठी काय ते विचारूनच घ्या, आम्ही त्यासाठीच उभे असतो, मागची गर्दी थांबेल.

* * *

पेनच्या टोपणाला वर भोक का असतं? शाई वाळू नये म्हणून, असं वर्गात कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं आणि मी ते पुढे दहा जणांना सांगितलं असेल. मुख्य कारण वेगळंच. पोरं टोपण चघळतात, चुकून घशात गेलं तर त्या भोकातून थोडी तरी हवा जात राहावी. एवढंच.

* * *

हे भोकाचं वाचून मला विमानाच्या खिडकीतलं भोक आठवलं. खाली एक बारीकसं भोक असतं, त्याच्याभोवती कधी कधी बर्फाची नक्षी जमते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझी खात्रीच झाली की काच फुटतेय, शेजारचे गृहस्थ गाढ झोपलेले, हवाईसुंदरीला हाक मारायची तर ती हसेल, म्हणून पूर्ण प्रवास त्या भोकावर नजर ठेवून काढला. नजर ठेवून काय करणार होते देव जाणे.

* * *

अहो ते भोक असायलाच हवं. विमान देखभालीत काम केलंय म्हणून सांगतो. खिडकीला एकामागे एक थर असतात. सगळ्यात आतला, ज्याला तुम्ही हात लावता, तो नुसता ओरखड्यांपासून बचावाला. दाब झेलतो तो बाहेरचा. मधल्या थराला ते भोक असतं, त्यामुळे केबिनमधली हवा मधल्या फटीत जाते आणि नेहमीचा सगळा भार बाहेरच्या थरावर येतो, मधला राखीव राहतो. शिवाय फटीतला ओलावा निघून गेल्याने काच धुरकटत नाही.

आणि न विचारता अजून एक सांगतो, उतरताना खिडकीची झापडं उघडा म्हणतात आणि रात्री दिवे मंद करतात ते का. काही झालंच तर बाहेर आग आहे का, कुठल्या बाजूने उतरायचं हे दिसावं, आणि डोळे अंधाराला आधीच सरावलेले असावेत. हे प्रवाशांना सांगत नाहीत कारण ऐकून कुणाला बरं वाटणारे.

खिडक्यांचे कोपरे गोल असतात त्यामागे तर मोठी दुर्घटना आहे. कॉमेट नावाची सुरुवातीची जेट विमानं १९५४ मध्ये हवेतच फुटली, तपासात निघालं की वरखाली दाब बदलून बदलून धातू थकला आणि चौकोनी झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी तडे गेले. असो, लांबलं.

* * *

तुम्हा सगळ्यांचे प्रश्न वस्तूंचे आहेत, त्यांना उत्तर तरी आहे. माझा बघा. समोरच्या काकू इतक्या वर्षांपासून ओळखीच्या आहेत, आमच्या सुखदुःखात असतात, त्यांच्या मुलाच्या लग्नात मी वाढलंय, आणि मला त्यांचं नाव माहीत नाही. पहिल्या आठवड्यात विचारायचं राहिलं आणि मग ती वेळ गेली ती गेलीच. आता कसं विचारणार? एकदा युक्ती केली, फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं काकू तुमचा नंबर सेव्ह करून द्या ना. त्यांनी नंबर घातला आणि नावाच्या जागी लिहिलं, "समोरच्या काकू".

* * *

हाहाहा, म्हणजे त्यांनाही तुमचं नाव माहीत नाही, खात्रीने सांगते.

* * *

माझा प्रश्न मी घाबरून विचारला नव्हता. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं आणि तिथे पोचल्यावर आपण कशाला आलो हेच आठवत नाही. तरुणपणी हसून सोडून दिलं, पण साठीनंतर तेच झालं की पोटात गोळा येतो, कारण आमच्या आईला शेवटी विस्मरणाचा आजार होता. मुलांना सांगितलं तर ती लगेच डॉक्टरकडे नेणार, म्हणून सांगितलं नाही, आणि न सांगता आत आत काळजी करत बसले. मग नातीनेच सहज म्हटलं, आजी मी आत्ता इथे कशाला आले गं? ती अठरा वर्षांची!

तिने शोधून काढलं. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात रॅडव्हान्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केलेत, कॉम्प्युटरवरच्या खोल्यांत आणि खऱ्या खोल्यांतही. माणसं तेवढंच अंतर एकाच खोलीत चालली तर कमी विसरली, मधे दार आलं की जास्त विसरली. त्यांचं म्हणणं असं की दार ओलांडलं की मेंदू आधीचं प्रकरण मिटवून नवीन उघडतो. आणि मूळ खोलीत परत गेलं की आठवतं म्हणतात ना, त्यांच्या प्रयोगात तसा काही खास फायदा दिसला नाही. मी मात्र अजूनही परत जाते. एरवी नावं, रस्ते, औषधांच्या वेळा विसरायला लागलो तर ते वेगळं, ते दाखवायलाच हवं हेही मी आता घरात बोलून ठेवलंय. नातीशी हे बोलणं झालं नसतं तर मी कुठवर मनात ठेवलं असतं कोण जाणे.

* * *

फोनवर १ २ ३ वर आणि कॅल्क्युलेटरवर ७ ८ ९ वर, हे असं उलटं का? दिवसभर दोन्ही वापरतो, नोकरीच आकड्यांची, आणि साहेबांना विचारलं तर म्हणतील काम नाही का तुला. हिशेबाच्या जुन्या यंत्रांत लहान आकडे खाली असायचे तेच कॅल्क्युलेटरने उचललं. बटणांचा फोन काढायच्या वेळी मात्र बेल लॅब्जवाल्यांनी लोकांना वेगवेगळ्या मांडण्या देऊन बघितल्या, त्यात गोल मांडणी पण होती, आणि १ २ ३ वर असलेली निवडली. ते निष्कर्ष १९६० चे, फोन बाजारात आला १९६३ ला. दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर माझी बोटं वाचली असती.

* * *

रेकॉर्डिंगमधला आपला आवाज इतका पातळ का येतो? बोलताना आपल्याला आवाज हवेतून येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही येतो आणि त्यात खालचे सूर जास्त असतात. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला. म्हणजे जगाला ऐकू येतो तो तोच पातळ आवाज. हे कळलं नसतं तर बरं झालं असतं.

* * *

आरसा डावं-उजवं उलटं करतो मग वर-खाली का नाही करत? मुलीने विचारलं आणि मी नेहमीचं, झोप आता.

* * *

तो डावं-उजवं पण उलटं करत नाही. उजवा हात हलवा, आरशात उजव्याच बाजूचा हात हलतो. उलटं होतं ते पुढचं-मागचं. तुमचं नाक समोर आहे, आरशातल्याचं नाक तुमच्याकडे. आपण मनात त्याच्या जागी वळून उभे राहतो म्हणून डावं-उजवं बदलल्यासारखं वाटतं.

* * *

तीनदा वाचलं. हात हलवून बघितला. घरच्यांनी विचारलं काय चाललंय. अजून पटलेलं नाही.

* * *

चष्म्याचा नंबर. मायनस दोन म्हणजे दोन कशाचे? मी शाळेपासून चष्मा लावतो, दर वेळी त्या खुर्चीत बसून "हे बरं की हे बरं" ची उत्तरं देतो (आणि दर वेळी वाटतं चुकीचं उत्तर दिलं तर नंबर चुकेल), पण हे कधी तोंडातून निघालं नाही. शेवटी यंदा विचारलं, तिथली मुलगी इतकी खूश झाली की तिने कागदावर काढून दाखवलं. एकाला नंबरने भागायचं, येईल ते अंतर मीटरमध्ये. मायनस दोन म्हणजे चष्म्याशिवाय साधारण अर्ध्या मीटरपर्यंत स्पष्ट, त्यापुढे धूसर होत जाणार. मायनस एक असेल तर एक मीटर. प्लसवाल्यांचा हिशेब वेगळा, त्यांना हे लावू नका.

घरी येऊन सगळ्यांना टेप लावून बसवलं, बऱ्यापैकी जुळलं. मेहुण्याचा मायनस पाच आहे, म्हणजे वीस सेंटीमीटर. तेव्हा कळलं की सकाळी उठल्या उठल्या त्याला टेबलावरचा चष्माही का दिसत नाही. "माझा चष्मा कुठंय?" हा एक प्रश्न मात्र त्याच्याकडून रोज विचारला जातो, आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.