विषय: ‘नो दार पापाया’ म्हणजे नेमके काय?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी नोकरीनिमित्त कोलंबियातील बोगोता येथे राहायला गेली आहे. तेथील सहकारी तिला ‘नो दार पापाया’, म्हणजे शब्दशः ‘पपई देऊ नकोस’, असे वारंवार बजावतात. यामागील अर्थ कोणी कृपया सांगावा.

———

ताई, नमस्कार.

आपल्याला लुबाडण्याची आयती संधी दुसऱ्याला देऊ नये, असा या प्रयोगाचा अर्थ आहे. भर रस्त्यात महागडा फोन मिरवणे किंवा उपाहारगृहात पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवणे म्हणजे ‘पपई देणे’. हा अर्थ चोरीपुरता मर्यादित नाही. गप्पांत एखाद्याने स्वतःची थट्टा ओढवून घेणारे वाक्य उच्चारले, तरी त्याने पपई दिली असेच म्हणतात, आणि तेथे आपले ‘आयते कोलीत हाती देणे’ चपखल बसते. कोलंबियन लोक गमतीने हिला बायबलातील दहा आज्ञांपुढची अकरावी आज्ञा म्हणतात. बारावी आहे ‘पापाया पुएस्ता, पापाया पार्तिदा’, म्हणजे समोर ठेवलेली पपई कापली जाणारच. ही बारावी मला खटकते, कारण कापणाऱ्याला मोकळीक आणि जिची पपई गेली तिलाच दोष, असा तिचा न्याय आहे. मुलीने अकरावी मात्र जरूर पाळावी.

———

वरील उत्तराला माझी पुरवणी.

आपली ‘पपई’ हे फळ अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले आणि नावही सोबत घेऊन आले. त्यामुळे हा शब्द आपल्याला निरुपद्रवी वाटतो. हवानात मात्र तो स्त्रीच्या जननेंद्रियासाठी ग्राम्य अर्थाने रूढ असल्याने फळाला ‘फ्रूता बोंबा’ म्हणतात, तर क्यूबाच्याच पूर्व भागात, सांतियागोकडे, फळाला ‘पापाया’ म्हणण्यात कोणाला वावगे वाटत नाही. व्हेनेझुएला, डॉमिनिकन रिपब्लिक आणि पोर्तो रिको येथे ‘लेचोसा’ हे नाव चालते. स्पॅनिशमध्ये दुधाला ‘लेचे’ म्हणतात. कच्च्या पपईचा चीक पाहिलेल्याला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. चिलीत एखादे काम ‘पापाया’ आहे असे म्हटले, तर ते अगदी सोपे आहे असा अर्थ होतो. शिवाय तेथे ला सेरेना परिसरात ‘पापाया’ म्हणून जे लहान, पिवळे, सुवासिक फळ मिळते, ते आपल्या पपईचे डोंगराळ भागातील भावंड असून, ते बहुधा साखरेच्या पाकात शिजवूनच खाल्ले जाते.